संघटित गुन्हेगारीचा अभ्यास सुरू करताय? आधी गिऱ्हाईक शोधा

दरवर्षी जून-जुलैत कोणीतरी विद्यार्थी प्रबंधाचा विषय घेऊन येतो. विषय बहुतेक वेळा ठरलेला असतो: 'मुंबईतील अंडरवर्ल्ड : एक अभ्यास'. यात नक्की काय शोधायचंय असं विचारलं की चार-पाच भाईंची नावं येतात. कोण कोणाचा पंटर होता, कोणी कोणाची गेम केली, कोण कधी दुबईला पळाला, सगळं तोंडपाठ. मग मी विचारतो, या लोकांना पैसे कोण देत होतं, आणि कशाचे? इथे बहुतेकांची गाडी अडते.

म्हणून हे टिपण. समाजशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र, इतिहास, पत्रकारिता, कुठूनही आला असाल तरी चालेल. उदाहरणं बहुतांश मुंबईची घेतली आहेत. इथले निम्मे कागद मराठीत आहेत आणि कोर्ट लोकलने गाठता येतं, एवढी दोन कारणं पुरे.

पहिल्या आठवड्यात कायदे वाचा

वाचायला सुरुवात करायची ती कायद्यांपासून. चरित्रं आणि 'थरारक सत्यकथा' सध्या बाजूला राहू द्या, त्या कुठे पळून जात नाहीत. एका कागदावर चार व्याख्या शेजारी शेजारी उतरवून काढा.

पहिली इटलीच्या दंडसंहितेतल्या ४१६-बिस कलमाची. हे कलम १९८२चं. त्या वर्षी एप्रिलमध्ये सिसिलीतल्या पालेर्मोत खासदार पिओ ला तोर्रे आणि सप्टेंबरमध्ये तिथले प्रीफेक्ट (केंद्र सरकारचे तिथले प्रमुख अधिकारी) जनरल दाल्ला किएझा यांचे खून झाले, आणि संसदेने घाईने कायदा केला. यात भर आहे तो पद्धतीवर: टोळीच्या नुसत्या नावाने पसरणारी दहशत, आणि त्यातून येणारी लोकांची शरणागती व गप्प बसण्याची सवय. किमान माणसं तीन. दुसरी व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या २०००च्या पालेर्मो कराराची. इथेही किमान तीन माणसं, काही काळ टिकलेला गट, गंभीर गुन्हा, आणि हेतू आर्थिक किंवा तसाच लाभ. तिसरी आपला मोक्का, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, १९९९. चौथी भारतीय न्याय संहितेचं कलम १११, जे १ जुलै २०२४पासून लागू झालं.

मोक्क्याची व्याख्या पेन घेऊन वाचा. टोळी व्हायला दोन माणसं पुरतात. गुन्हा टोळीच्या वतीने झाला असेल तर तो एकट्याने केला तरी चालतो. आणि मुख्य अट हिशोबाची आहे: तीन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचे दखलपात्र गुन्हे, मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं, आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली. म्हणजे कायद्याच्या लेखी गुन्हेगारी 'संघटित' ठरते त्यात पोलिसांनी आधी किती कागद केले याचा मोठा वाटा आहे. ज्याच्यावर कधी दोषारोपपत्रच गेलं नाही तो कितीही मोठा असला तरी या व्याख्येत सहजी बसत नाही. आपल्या अभ्यासासाठी ही पाचर फार महत्त्वाची. पोलिसांची व्याख्या जशीच्या तशी उचलली की पोलिसांनी ज्यांना पकडलं तेवढेच लोक तुम्हाला दिसणार.

आता जरा गंमत. १९८१चा एक प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा आहे, बातम्यांत ज्याला एमपीडीए म्हणतात. त्याचं मराठी नाव मोठ्याने वाचून पाहा: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, दृक्‌श्राव्य कलाकृतींचे विनापरवाना प्रदर्शन करणाऱ्या व्यक्ती, वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणाऱ्या व्यक्ती... श्वास संपतो, नाव संपत नाही. मूळ कायद्यात पहिले तिघेच होते, बाकीचे दुरुस्त्या होत होत शेपटाला जोडले गेले. महाराष्ट्रात सरकारला केव्हा कुठल्या धंद्याची डोकेदुखी झाली त्याची ही वंशावळच. प्रत्येक दुरुस्तीची तारीख काढा आणि त्या काळात तो माल का महागला होता, तो कोणाला हवा होता, हे शोधा. एका चांगल्या शोधनिबंधाचा ऐवज यात आहे. मी अनेकांना सुचवला, अजून कोणी केलेला पाहिला नाही.

मग तिघांचं भांडण समजून घ्या

सिद्धांतांचं जंगल मोठं आहे. सुरुवातीला तीन नावं पुरेत, कारण तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

अमेरिकेत १९६०च्या दशकात डोनाल्ड क्रेसी यांनी सरकारी आयोगासाठी काम करताना मांडलं की माफिया ही एखाद्या कंपनीसारखी, वरपासून खालपर्यंत हुद्दे असलेली देशव्यापी संघटना आहे. त्यांची माहिती मुख्यतः पोलीस आणि तपासयंत्रणांकडून आलेली होती. पुढे पीटर रॉयटर यांनी न्यूयॉर्कमधला बेकायदा जुगार आणि सावकारी बारकाईने तपासली, आणि १९८३ साली दाखवून दिलं की बाजारावर एकहाती सत्ता वगैरे काही नव्हती. छोटे छोटे धंदे होते, आज उघडणारे, उद्या बुडणारे. मोठ्या टोळीचं नाव वापरलं जायचं ते बऱ्याचदा तंटे सोडवायला. १९९३ साली दिएगो गाम्बेत्ता यांनी सिसिलीबद्दल तिसरंच काही सांगितलं: माफिया विकतो तो माल म्हणजे संरक्षण, आणि जिथे लोकांचा एकमेकांवर आणि सरकारवर विश्वास नाही तिथे या मालाला खरंखुरं गिऱ्हाईक असतं. त्यांना भेटलेल्या गुरं पाळणाऱ्याचं म्हणणं साधं होतं. खाटीक मला फसवणार हे मला माहीत, मी त्याला फसवणार हे त्याला माहीत, म्हणून मध्ये एक तिसरा लागतो आणि आम्ही दोघंही त्याला टक्केवारी देतो.

हे आपल्या गल्लीत उतरवून बघा. एका उपनगरी स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावणाऱ्या एका काकांशी माझं बरंच बोलणं व्हायचं. ते आठवड्याला तीन ठिकाणी पैसे द्यायचे. पहिल्याला दिले की गाडी उचलायला येणारी व्हॅन कधी येणार ते आदल्या दिवशी कळायचं. दुसऱ्याला दिले की पन्नास पावलांत दुसरी वडापावची गाडी लागत नसे. तिसऱ्याला का देता, असं विचारल्यावर ते हसले. "त्याला नाही दिले तर तोच तेल सांडणार ना!" बोलीत तिन्ही हप्तेच. पण पहिल्यात माहिती विकत घेतली, दुसऱ्यात मक्तेदारी विकत घेतली, आणि तिसरी नुसती खंडणी. अभ्यासकाने या तिघांना एकाच खान्यात टाकलं की पुढचा सगळा हिशोब चुकतो. कोणीही 'हप्ता' म्हटलं की लगेच विचारायचं, पैसे देऊन काय मिळालं? आणि नाही दिले तर नुकसान कोणाकडून?

बाजारांची कालपट्टी काढा

भाईंची वंशावळ काढायचा मोह आवरा. त्याऐवजी मुंबईत कुठली गोष्ट कधी बेकायदा किंवा दुर्मीळ झाली, आणि कधी पुन्हा मोकळी झाली, याची पट्टी भिंतीवर लावा. माझ्या भिंतीवरची साधारण अशी आहे.

१९४९चा मुंबई दारूबंदी कायदा, आणि त्यामागोमाग हातभट्टी. १९६३पासून सोन्यावर नियंत्रण, १९६८ साली त्याचा कायदा. मग कोकणच्या किनाऱ्यावर उतरणारी बिस्किटं, आणि हाजी मस्तानसारखी नावं. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. १९९२पासून अनिवासी भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं उघडपणे आणता येऊ लागलं. तस्करीतली मलई गेली ती अशी, आणि त्यात पोलिसांच्या शौर्यापेक्षा अर्थखात्याच्या परिपत्रकांचा हात जास्त होता. ज्यांना तस्करीची सवय होती त्यांनी मग काय केलं, हा खरा प्रश्न. समाजशास्त्रज्ञ लायझा वाइन्स्टीन यांनी २००८च्या निबंधात जमीन आणि बांधकामाकडे बोट दाखवलं. ते पटतं, कारण जमिनीच्या बाजारात त्यांच्यासाठी जागा आधीच तयार होती.

ती कशी? १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. पगडीची (एकरकमी पैसे देऊन, नाममात्र भाड्याने घेतलेली) खोली रिकामी करून घ्यायची तर दावा वर्षानुवर्षं चालणार. मालकाला भाडेकरू काढायचाय, भाडेकरूला टिकायचंय, बिल्डरला दोघांच्या सह्या हव्यात, आणि न्यायालयाची तारीख पुढल्या वर्षीची. अशा ठिकाणी 'मिटवून देणारा' माणूस लागतोच. तो कोणासाठी भाई असतो, कोणासाठी समाजसेवक, आणि पुढच्या निवडणुकीत कधीकधी उमेदवार. सिनेमाचंही तसंच. १९९८ साली सरकारने चित्रपटनिर्मितीला उद्योगाचा दर्जा जाहीर केला, तोवर निर्मात्याला बँक दारात उभं करत नसे. पैसा कुठून यायचा ते वेगळं सांगायला नको.

याच पट्टीवर १८ जानेवारी १९८२ ही तारीख येते, गिरणी संपाची. इथे नवा अभ्यासक हमखास घसरतो. 'संप फसला, पोरं बेकार झाली, टोळ्यांत गेली' हे वाक्य इतक्यांदा छापून आलंय की ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं. तपासा. संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यांच्या घरातली फार फार थोडी मुलं टोळ्यांत गेली, बाकीच्यांनी वॉचमनची नोकरी धरली, रिक्षा घेतली, गाव गाठलं. शिवाय 'दादा' हा माणूस गिरणगावात संपाच्या कितीतरी आधीचा. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दोन महायुद्धांमधल्या काळाबद्दल लिहिताना वस्तीतले दादा संपाच्या दोन्ही बाजूंनी कसे वापरले जात ते दाखवलंय. संपाचा परिणाम झालाच नाही असं माझं म्हणणं नाही. पण बेकारी हे मनुष्यबळाचं कारण झालं. धंद्याचं कारण शोधायचं तर गिरण्यांच्या जमिनींकडे बघावं लागेल.

निकालपत्र वाचायची सवय लावा

तुमच्या कामाचा कणा हाच. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळांवर फुकट मिळतात, सत्र न्यायालयाचे बरेचसे ई-कोर्ट्सवर. पहिल्यांदा हातात घेतलेलं निकालपत्र मी कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचलं आणि चाळिसाव्या पानावर झोपलो. तसं करू नका. आधी शेवटचा आदेश वाचा: कोण सुटलं, कोणाला शिक्षा, कोणत्या कलमाखाली. मग आरोप. मग सरळ पहिल्या साक्षीदाराकडे जा, कारण खंडणीच्या खटल्यात तो बहुधा पैसे मागितले गेलेला माणूस असतो, म्हणजे आपलं गिऱ्हाईक किंवा बळी. त्याचा धंदा काय, मागणी किती पेट्यांची (पेटी म्हणजे लाख रुपये) होती, फोन आला तेव्हा तो आधी कोणाकडे गेला? पोलिसांकडे की ओळखीच्या नगरसेवकाकडे? त्या दोन ओळींत टोळीच्या इतिहासापेक्षा जास्त समाजशास्त्र असतं.

कबुलीजबाब जपून वाचा. साधारण कायद्यात पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा होत नाही. मोक्क्याच्या कलम १८ने मात्र अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य धरला, मुंबईत म्हणजे उपायुक्तापुढचा. त्यामुळे आपल्याकडे टोळीतल्या माणसाच्या तोंडची लांबलचक निवेदनं उपलब्ध आहेत. मोठा खजिना, पण पोलिसांच्या कुलपातला. एका खटल्यात मी तीन आरोपींचे जबाब शेजारी ठेवले. तिघंही वेगळ्या वस्तीतले, शिक्षण वेगळं, आणि तिघांच्याही तोंडी 'सदर इसमाने मला विश्वासात घेऊन' हे शब्द. असं कोण बोलतं? हे शब्द लिहून घेणाऱ्याचे आहेत. जबाबातल्या रकमा, जागा, क्रम यांचा उपयोग करा, पण दुसरीकडून ताडून. आणि नंतर जबाब मागे घेतला गेला का ते नक्की पाहा.

निर्दोष सुटलेल्यांचे निकाल टाळू नका. मोक्क्यात गुन्हा नोंदवायला उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आणि खटल्यासाठी अपर महासंचालकांची मंजुरी लागते. बरेच वाद या मंजुरीवरच अडतात. यंत्रणा आतून कशी चालते ते अशा निकालांत दिसतं.

फोर्टातल्या सत्र न्यायालयात एकदा जाऊन मागच्या बाकावर बसा. सुनावणी खुली असते, न्यायाधीशांनी बंद दाराआड ठेवली नसेल तर. अर्धा दिवस तारखाच पडतील. पण फितूर होणारा साक्षीदार न्यायाधीशांकडे न बघता कोणाकडे बघतो, हे कुठल्याच निकालपत्रात मिळत नाही.

बाकीच्या कागदांबद्दल थोडक्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे 'नोंदलेल्या' गुन्ह्यांचे असतात, आणि एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. धमकावून पैसे उकळले आणि खूनही केला, तर आकडा खुनाच्या खान्यात. खंडणीचे आकडे वाढले म्हणजे खंडणी वाढली की लोक तक्रार करायला धजावू लागले, हे आकडा सांगत नाही. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं उत्तम: सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३च्या निकालांनंतर प्रत्येक उमेदवाराला गुन्हे आणि मालमत्ता जाहीर करावी लागते. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साटंलोट्यावरचा व्होरा समितीचा १९९३चा अहवाल सगळे उद्धृत करतात, वाचतात थोडे. संसदेपुढे तो १९९५मध्ये आला, आणि तोही अगदी बारीक. जुन्या मराठी वर्तमानपत्रांसाठी ग्रंथालयात बसायची तयारी ठेवा. गुन्ह्याची बातमी पहिल्या दिवशी वाचून थांबू नका, महिन्याभरानंतरची चार ओळींची बातमीही शोधा. पहिल्या दिवशीची बातमी बहुतेक पोलिसांच्या पत्रकार परिषदेतून आलेली असते.

माणसांकडे सर्वांत शेवटी जा

'मला एका भाईची मुलाखत मिळतेय सर', असं उत्साहाने सांगणारा विद्यार्थी मला घाबरवतो. ११ जून २०११ रोजी पवईत ज्योतिर्मय डे यांना गोळ्या घातल्या गेल्या. वर्षानुवर्षं गुन्हेवार्तांकन केलेला, माणसं ओळखून असलेला पत्रकार. २०१८ साली विशेष मोक्का न्यायालयाने छोटा राजनसह नऊ जणांना जन्मठेप दिली. त्यांच्यासारख्यालाही जो अंदाज आला नाही तो तुम्हाला दोन महिन्यांत येणार नाही.

सक्रिय माणसाला आणि चालू खटल्यातल्या कोणालाही भेटू नका, निदान पहिल्या प्रकल्पात. निवृत्त पोलीस, वकील, कोर्टातले कारकून, जुने पत्रकार, गृहनिर्माण सोसायटीचे माजी सचिव, चाळीतल्या बायका: यांच्याकडे भरपूर आहे. चाळीतल्या बायकांना तर कोणी विचारतच नाही, आणि गणपतीची वर्गणी कधी 'ठरलेली' झाली ते त्यांनाच नेमकं आठवतं. निवृत्त अधिकाऱ्यांचं ऐकताना एवढंच लक्षात ठेवा की प्रत्येकाच्या गोष्टीत टोळी त्याच्याच बदलीनंतर वाढलेली असते.

एक कायदेशीर बाब मुलाखतीला जाण्याआधीच समजून घ्या. वकिलाला अशिलाशी झालेलं बोलणं गुप्त ठेवण्याचं कायदेशीर संरक्षण आहे, संशोधकाला तसं काही नाही. तुमची वही आणि रेकॉर्डिंग मागवलं जाऊ शकतं. म्हणून खरी नावं लिहूच नका. नव्या, न सुटलेल्या गुन्ह्याबद्दल कोणी सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवा आणि विषय बदला. संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी घ्या. कुठे जाताय ते मार्गदर्शकाला कळवून जा.

वही कशी ठेवायची

एक साधी एक्सेल पुरते. प्रत्येक व्यवहाराची एक ओळ: तारीख, जागा, पैसे कोणी दिले, कोणाला, किती, मोबदल्यात काय मिळालं, मध्यस्थ कोण, माहिती कुठून आली, आणि शेवटी तुमचा भरवसा, एक ते पाचमध्ये. भाईचं नाव यात कुठेच सक्तीचं नाही. पन्नास ओळी झाल्या की 'मोबदल्यात काय मिळालं' या रकान्यावर क्रम लावा. माझ्याकडे पहिल्यांदा असं केलं तेव्हा वर आलेला शब्द होता 'लवकर'. लवकर खाली झालं, लवकर वसूल झालं, लवकर सही मिळाली. लोक वेळ विकत घेत होते.

पहिला विषय छोटा घ्या

मुंबईचं सगळं अंडरवर्ल्ड सोडून द्या. तुमचा तालुका घ्या आणि वाळू घ्या. नदीपात्रातला लिलाव कधी झाला, कधी झालाच नाही, स्वामित्वधन किती, ब्रासचा (शंभर घनफुटांचा) दर काय, टिपर कोणाचे, तलाठ्याच्या पंचनाम्यात किती ब्रास आणि पात्रात खड्डा केवढा. दंडाच्या नोटिसा माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. महसूल खात्याने 'तपासाला बाधा' म्हणून नाकारलं तर अपील करा, आणि तो नकारही वहीत लिहून ठेवा. मग बांधकाम चालू असलेल्या घरमालकाला विचारा की त्याने वाळू कितीला घेतली आणि पावती मिळाली का. आपलं गिऱ्हाईक हेच. तो भेटायला घाबरत नाही, चहाही पाजतो, आणि वाळूच्या ढिगाकडे बोट दाखवून सांगतो, "रात्री दोनला टाकून गेले. पावती कोण मागणार?"